परतीची सीट

रंभाजी आप्पांच्या दुकानात बसायला एकही धड खुर्ची नव्हती. राहात्यापासून राहुरीपर्यंतच्या लोकांची बुडं ज्या माणसानं सुखात ठेवली, तो स्वतः दिवसभर ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसायचा आणि गिऱ्हाईक उभं. मी एकदा म्हणाले, आप्पा, एक बाकडं तरी टाका. तर म्हणाले, गाडी हाय की दारात, तिच्यावर बसू दे. तिच्यावर बसल्याबिगर मला त्याचं दुखनं दिसायचं कसं?

कोल्हारात नगर-मनमाड रस्त्याला लागून आमची दुकानं शेजारी शेजारी. माझं झेरॉक्सचं, त्यांचं मोटारसायकलच्या सीटा बनवायचं. मध्ये पत्र्याची भिंत. त्यामुळे अकरा वर्षं त्यांच्या दुकानातला एकेक शब्द माझ्या कानावर पडला, आणि माझ्या दुकानातला त्यांच्या. मी फटकळ आहे. हे माझ्या सासरचे म्हणतात, आणि तेवढ्या एका बाबतीत ते बरोबर आहेत. आप्पा मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. अलका म्हणायला जीभ वळत नव्हती की काय देव जाणे, मी कायम ‘झेरॉक्सबाई’. पण एखाद्या गिऱ्हाइकाशी माझी खडाजंगी झाली, की पत्र्यावर दोनदा बोटं वाजायची. बास आता, असा त्याचा अर्थ. मी बहुतेक वेळा थांबायचे.

बारीक अंगाचा, काळा, कानावर केस वाढलेला माणूस. डोक्याला टोपी, अंगात बंडी, आणि उजव्या हाताच्या बोटांवर फोम चिकटवायच्या सोल्युशनचा थर कायमचा वाळलेला. शेतीवाडीतलाच गडी, पण दोन भावांच्या वाटणीत वाट्याला आलेलं रान भावाला करायला देऊन ते तरुणपणीच रेक्झिन आणि फोममध्ये शिरले. मोटारसायकल त्यांच्याकडे कधीच नव्हती. चालवताही येत नव्हती. लोक यावरून चिडवायचे तेव्हा ते म्हणायचे, मला कुटं चालवायची हाय, मला बसवायचं हाय.

गिऱ्हाईक आलं की आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “बसतंय कोन?” गाडी कोणाच्या नावावर आहे, कितीला घेतली, कोणत्या कंपनीची, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बसणारा माणूस समोर आणा. तो आला नसेल तर गाडी परत. मग जुन्या सीटवर डोळे मिटून तळवा फिरवायचे, आणि मग कोपर दाबून बघायचे. हाताला लाड कळत्यात, कोपराला खरं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर निघायची वाळूची पिशवी. प्रवरेची बारीक वाळू चाळून, ओली करून रेक्झिनच्या चपट्या पिशवीत भरलेली. ती सीटवर ठेवायची, तिच्यावर माणसाला बसवायचं, हात हँडलवर, पाय पायदानावर, आणि एक चहा संपेपर्यंत हलू द्यायचं नाही. मग उठवायचं आणि वाळूत उमटलेले खळगे बघत बसायचं. कुठं हाड रुतलंय, भार डावीकडे आहे की उजवीकडे, माणूस पुढं सरकतो की मागं, सगळं त्यात दिसतं म्हणे. त्या खळग्यांवरून फोम कापायचे, लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडनं आधी, मग पॉलिश पेपरनं घासून घासून. पिशवीच्या शिलाईतून पाणी झिरपायचं, त्यामुळे उठणाऱ्याची पँट मागून ओली व्हायची. भल्याभल्या लोकांना मी पिशवीनं किंवा टोपीनं मागची बाजू झाकत एसटी स्टँडकडे जाताना पाहिलंय. कोणी कुरकुर केली तर आप्पांचं उत्तर एकच, वाळंल.

आणि सीट झाली तरी ती झाली नसायचीच. रेक्झिन ताणून चारच पिना मारायचे, कच्चं, आणि सांगायचे, आठ दिवस चालव, मग ये. आठ दिवसांनी येऊन जो ‘एकदम झकास’ म्हणायचा, त्याच्यावर ते नाराज व्हायचे. झकास म्हणणाऱ्याचं लक्षच नव्हतं सीटवर, असं त्यांना वाटायचं. कुठंतरी टोचतंय म्हटलं की चेहरा उजळायचा, डब्यावरून उठायचे, पिना उपसायचे आणि टोचतंय ते काढायचे. मगच पक्क्या पिना.

एकदा एक गुरुजी आले. उजव्या मांडीतून पोटरीपर्यंत कळ जायची. दोन डॉक्टर झाले होते, तेल-मालिश झालं होतं, आता सगळा दोष सीटवर आला होता. आप्पांनी त्यांना वाळूवर बसवलं, चहा पाजला, उठवलं, पिशवीकडे बराच वेळ बघितलं. मग गुरुजींना पाठमोरं उभं करून, काही न विचारता, त्यांच्या मागच्या खिशातून पाकीट काढलं. चांगलं विटेएवढं जाड पाकीट. आत पैसे बेताचे, बाकी पावत्या, देवांचे फोटो आणि कुठल्या कुठल्या परिपत्रकांच्या घड्या. वरच्या खिशात ठिवा, सीट चांगली हाय, एवढं म्हणून आप्पांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. मी पत्र्यापलीकडे हसले ते गुरुजींना ऐकू गेलं. महिन्याभरानं तेच गुरुजी पेढे घेऊन आले, ताठ चालत. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, आता कुटं टोचतंय का?

राहात्याचे अशोकराव म्हणून एक पेरूचे बागायतदार होते, त्यांची गंमत तर अजून लोक सांगतात. मोठी गाडी, मोठं पोट आणि मोठा आवाज. त्यांना सीट हवी होती घरच्या सोफ्यासारखी. आप्पा नाही म्हणाले. अशोकरावांना नाही ऐकायची सवय नव्हती. मग आप्पांनी एक लांब फळी मांडली, एका टोकाला गुबगुबीत फोम, दुसऱ्या टोकाला त्यांचा कोरलेला घट्ट तुकडा, आणि म्हणाले, शेट, आदी हिकडं अर्धा तास बसा, मग तिकडं अर्धा तास. जिथनं उठावं वाटनार न्हाई ती सीट देतो. आमच्या दारात अशोकरावांची ती बैठक बघायला ही गर्दी. गुबगुबीत बाजूला पंधरा मिनिटांत माणूस चुळबुळ करायला लागला, विसाव्या मिनिटाला दोन्ही पायांना मुंग्या आल्या आणि उठताना माझ्या दाराची चौकट धरावी लागली. घट्ट तुकड्यावर बसून मात्र त्यांनी दोन फोन केले, पेरूचा एक सौदा मिटवला, आणि अर्धा तास कधीच झाला हे आम्हीच त्यांना सांगितलं. “मऊ म्हंजी आराम न्हाई,” आप्पा म्हणाले, “मऊ म्हंजी पयल्या पाच मिंटाची थाप.” अशोकराव त्या दिवसापासून आप्पांचे भक्तच झाले.

तर असा हा माणूस. पाच मिनिटांच्या थापेला कधी न भुललेला. तो एकदाच भुलला, आणि तेही सगळ्यात नाजूक कामात.

तीन वर्षांपूर्वी आप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डब्यावरून उठताना भिंतीला धरून दोनदा थांबावं लागायचं. बायको आधीच गेलेली, घरी एकटेच. मुलगी सुनीता नाशिकला, तिनं हट्ट धरला की आता बास, माझ्याकडे चला. दिवाळी झाली की निघायचं ठरलं. शिलाई मशीन त्यांनी एका गरजू बाईला देऊन टाकलं, दुकानावरचा बोर्ड उतरवला. आठ-दहा दिवस उरले होते. मी वरवर चेष्टा करत होते, आता पत्र्यावर बोटं कोण वाजवणार म्हणून, पण खरं सांगते, मला ते दिवस खायला उठले होते.

त्याच दिवसांत एका सोमवारी दुपारी भाऊसाहेब माझ्याकडे आला. पुणतांब्याजवळच्या वस्तीवरचा, तिशीतला, स्वतःची दोन-अडीच एकर आणि गोठा बघणारा मुलगा. आईच्या रिपोर्टांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. आई म्हणजे कौसाबाई. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी, नगरच्या बाजूच्या दवाखान्यात रक्त धुवायला न्यायचं. सकाळी सातचा नंबर. त्या वेळेला वस्तीवरून एसटी नाही, रोजची जीप परवडत नाही. म्हणून मोटारसायकल, जाताना दीड तास, येताना दीड तास.

भाऊसाहेब काचेशी उभा होता आणि कौसाबाई माझ्या पायरीवर बसायला बघत होत्या. बसता येईना. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, नुसती हाडं. एका कुशीवर टेकून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “बाई, सुईचं मला काय वाटत न्हाई. पन ही गाडी न्हाई सोसत. येत्या शनवारपस्नं मी जायची न्हाई. त्याला अजून सांगितलं न्हाई.”

न जाणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं, खाडा पडला तर आठवडाभराचाही भरवसा नाही. माझ्या हातातला कागद तिरका गेला आणि मशीन अडकलं. मी त्यांना पाणी दिलं, उठले, पत्र्याला वळसा घालून आप्पांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

आप्पा बाहेर आले. कौसाबाईंकडे एकदा बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ‘बसतंय कोन’ विचारलं नाही, दिसतच होतं. भाऊसाहेबाला म्हणाले, गाडी सोड हितं, सीट करून देतो, बुधवारला कामाला ईल. मायलेकाला त्या दिवशी ओळखीच्या टेम्पोत बसवून दिलं. आणि मंगळवारी दिवसभर खपून त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मऊ सीट बनवली. वीतभर जाड फोम, वर आणखी एक थर. मशीन नव्हतं, म्हणून दाभणानं हातशिलाई. मी विचारलं, आप्पा, कोपर लावून बघितलं का? ऐकू आलं नाही असं दाखवलं त्यांनी. वाळूची पिशवी तर काढलीच नव्हती. आजारी बाईमाणसाला चारचौघांत ओल्या वाळूवर कसं बसवायचं, लुगडं भिजल्यावर तिनं दवाखान्यात कसं जायचं, याचा त्यांना संकोच वाटला. कच्च्या पिनाही नाहीत, एकदम पक्क्या. बुधवारी पहाटे टेम्पोतून उतरून कौसाबाई त्या सीटवर बसल्या आणि हसल्या. लई मऊ हाय, आप्पा, म्हणाल्या. आप्पांचे डोळे भरून आले. मीसुद्धा पदर लावला डोळ्यांना. आमची दोघांची अक्कल त्या दिवशी कुठं गेली होती कोण जाणे.

रक्त धुऊन झाल्यावर माणसाच्या अंगात त्राण राहत नाही. कौसाबाई येताना झोपेत गेल्या, त्या मऊ गादीत एका अंगाला कलल्या, आणि बाभळेश्वरच्या अलीकडे भाऊसाहेबाच्या पाठीवरून घसरल्या. त्यानं कशीबशी गाडी कडेच्या मातीत घातली म्हणून निभावलं. कोपर खरचटलं, दंडाला मुका मार लागला, बाकी काही नाही. पण त्या उठून बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, आता न्हाई. जे मला सांगितलं होतं ते त्यालाही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब सीट घेऊन आला. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सीट आप्पांच्या पायाशी ठेवली, आई येत न्हाई म्हनती, एवढं बोलला आणि रस्त्याकडे तोंड करून रडला. आप्पा डब्यावर बसून होते. त्यांनी सीटवर कोपर ठेवलं. ते पार खालच्या प्लेटपर्यंत गेलं. “मला दया आली आन् हात चुकला,” ते म्हणाले. “दयेनं मी तिच्याशी खोटं बोललो, झेरॉक्सबाई.”

मी म्हणाले, झालं ते झालं, आता सुनीता यायचीय, आवरा. चुकीच्या वेळी चुकीचं बोलायची माझी जुनी खोड आहे. आप्पा भिंतीला धरून उठले, वाळूची पिशवी काढली, आणि भाऊसाहेबाला म्हणाले, चल, मला तुझ्या घरी ने. आणि ते दुखरे गुडघे घेऊन हा माणूस कौसाबाईंच्या जागी, पुन्हा गाडीवर चढवलेल्या त्याच मऊ सीटवर बसून, पुणतांब्याला गेला.

तिथं काय झालं ते भाऊसाहेबानं मला सांगितलं. आप्पा ओट्यावर बसले आणि कौसाबाईंची सरळ माफी मागितली. म्हणाले, ताई, मी तुमाला आजारी समजलो, गिऱ्हाईक समजलो न्हाई. नवी सीट झाल्यापस्नं एक हप्ता द्या मला. तेवढ्यात जमलं न्हाई तर तुमी म्हनाल तसं. कौसाबाई म्हणाल्या, एकच हप्ता.

आप्पांनी तिथूनच अशोकरावांना फोन लावला. शनिवार आणि सोमवार दोन्ही खेपांना बागायतदारांची पेरूची पिकअप दारात हजर. शनिवारी मला आप्पांनी सोबत घेतलं, बाईमाणूस पाहिजे म्हणून. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही चार तास बसलो. कौसाबाईंना बाहेर आणलं तेव्हा त्यांची मान उभी राहत नव्हती. आप्पांनी बाकावर ओल्या वाळूची पिशवी ठेवली, वर जाड प्लास्टिक अंथरलं, लुगडं भिजू नये म्हणून, आणि मी त्यांना धरून बसवलं. नर्स धावत आली, फरशीवर वाळू काय, पाणी काय, हे काय चाललंय. तिला मी ज्या शब्दांत उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. तिनं चहा होईपर्यंत वेळ दिला.

उठवल्यावर आप्पांनी खळगे बघितले, आणि जवळजवळ ओरडलेच. सकाळी जाताना कौसाबाई सरळ बसत होत्या, हे आम्ही पिकअपमध्ये बघितलं होतं. आता सगळा भार उजव्या कुल्ल्यावर आणि माकडहाडावर, डावी बाजू वाळूला टेकलीच नव्हती. डाव्या हाताला सुया लागायच्या, तो हात जपायला त्या अख्ख्या उजवीकडे जात होत्या. “दोन बाया हायेत या,” आप्पा म्हणाले. “जाताना एक, येताना दुसरी. म्या गेल्या टायमाला जानारीची सीट केली. सीट परतीची करायची.”

त्यानंतरचे तीन दिवस आप्पांना सत्तरी ओलांडलेली आहे हे मी विसरले. घट्ट फोम घेतला. माकडहाडाच्या जागी खळगा कोरला, म्हणजे ते हाड कशालाच टेकू नये. उजवी कड उचलली, दोन्ही बाजूंना बोटभर उंच काठ केले, मागचा भाग चढा घेऊन त्याला पाठीचा टेकू बसवला. पायाखाली रुंद पट्ट्या लावून घेतल्या, लटकणारे पाय खाली ओढतात म्हणून. मायलेकाच्या कंबरेभोवती बांधायला सुती पट्टा शिवला, एका ओढीत सुटेल असा. आणि मंगळवारी स्वतः त्या सीटवर बसून भाऊसाहेबाला म्हणाले, अख्खा रस्ता चालव. अंग सैल सोडलं, मान टाकली, डोळे मिटले, आणि दवाखान्यापासून राहात्यापर्यंत तसेच गेले. राहात्याच्या चौकात कुणीतरी ओळखलं आणि अर्ध्या तासात मला फोन, आप्पा गेले का हो? मी म्हणाले, सीट बघायला गेलेत, येतील.

बुधवारची पहिली खेप कच्च्या पिनांवर झाली. कौसाबाई घसरल्या नाहीत, पण उतरताना म्हणाल्या, उजव्या मांडीला काठ लागतोय. आप्पांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पिना उपसल्या, काठ घासला. शनिवारी टेकू अंमळ उंच वाटला, तो दोन बोटं उतरवला. तिकडे सुनीताचे मला रोज फोन, बाबा निघत का नाहीत, तुम्ही तरी सांगा काकू. मी म्हणाले, तुझ्या बाबांना मी काय सांगणार, त्यांचं आठ दिवसांचं काम चालू आहे. शेवटी ती आणि जावई सोमवारी दुपारी गाडी घेऊनच आले. सामान डिकीत भरलं. आप्पा तयार होऊन माझ्या पायरीवर बसले, पण नजर प्रवरेच्या पुलाकडे. सोमवार. परतीची वेळ झाली होती.

दोनच्या सुमाराला भाऊसाहेबाची गाडी पुलावरून आली. हळू आली. आमच्या बाजूला वळली आणि थांबली. भाऊसाहेबानं तोंडावर बोट ठेवलं. मागं कौसाबाई झोपल्या होत्या. साधीसुधी डुलकी नव्हे, गाढ झोप. गाल मुलाच्या पाठीला, तोंड जरासं उघडं, डावा हात मांडीवर मोकळा. पट्ट्यावर ताण नव्हता. सीटच त्यांना धरून होती.

आप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले. वाकून पाय बघितले, कंबर बघितली. मग उन्हाच्या बाजूला उभे राहिले, खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी वर धरला आणि कौसाबाईंच्या तोंडावर सावली केली. सुनीता त्यांना धरायला पुढं यायला लागली, मी तिला हातानं अडवलं. किती वेळ गेला असेल कोण जाणे, पाच-सात मिनिटं असतील. मला ती फार मोठी वाटली.

ट्रकच्या हॉर्ननं कौसाबाई जाग्या झाल्या. इकडे तिकडे बघितलं आणि मुलाला विचारलं, का थांबला रं, पुनतांबा आलं का? दवाखान्यातून निघाल्यापासूनचा सगळा रस्ता त्यांना कळलाच नव्हता. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. आप्पा टॉवेल खाली घेऊन म्हणाले, ताई, कुटं टोचतंय का? नीट सांगा.

कौसाबाईंनी खरंच विचार केला. जागच्या जागी जराशा हलून बघितलं. मग आप्पांना उत्तर द्यायच्या ऐवजी मुलाच्या खांद्यावर चापट मारली आणि म्हणाल्या, “भाऊ, परवा वाईच लवकर काढ गाडी. उशीर झाला की शेवटचा पलंग देत्यात, तिथं पंखा न्हाई.”

परवा. भाऊसाहेब वळून आईकडे बघतच राहिला.

आप्पांनी कौसाबाईंना माझ्या खुर्चीवर बसवलं, सीट उतरवली, आणि जावयाच्या कडक इस्त्रीच्या पँटीकडे न बघता त्याला सीट मांडीवर धरून बसवून सगळ्या पक्क्या पिना मारल्या. शेवटच्या पिनेवर अंगठा दाबला आणि पिनांची गन भाऊसाहेबाच्या हातात देऊन टाकली. मला म्हणाले, येतो, अलकाताई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुणतांब्याकडे जायला भाऊसाहेबाला रस्ता ओलांडायचा होता. उसाचा सीझन चालू, दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक येत होते, थांबायचं नाव नाही. जावई गाडी चालू करून बसला होता, सुनीता दार उघडून बाबा, बाबा करत होती. आप्पा सरळ रस्त्यात गेले. टोपी, बंडी, वाकलेले गुडघे, आणि उजवा हात वर. समोरून उसानं लदलेला ट्रॅक्टर येत होता. त्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला, आप्पा हलले नाहीत. आणि तो अख्खा डोंगर करकरत त्यांच्यापासून दहा हातांवर थांबला. त्याच्यामागचाही थांबला. आप्पांनी दुसऱ्या हातानं भाऊसाहेबाला खूण केली, आणि कौसाबाई, पाठ टेकून, मांडीवर हात ठेवून, मधून निघून गेल्या.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत आप्पांनी हात खाली घेतला नाही.